क्राकेनच्या पाठीवरची मासेमारी

उन्हाळ्यातल्या निवांत, वारा पडलेल्या दिवशी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मच्छिमार काही मैल आत समुद्रात वल्हवत जात आणि शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडत. तिथलं पाणी ऐंशी ते शंभर वाव खोल आहे, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक असे. एखाद्या दिवशी मात्र दोरी वीस-तीस वावांवरच टेके. नवखा माणूस गोंधळला असता. जाणत्यांना आनंद होई. कारण अशा जागी कॉड आणि लिंग मासे इतके मिळत की गळ टाकायचा आणि ओढायचा, एवढंच काम उरे. खाली क्राकेन येऊन थांबलाय आणि त्याच्या भोवती मासळी जमलीय, असं ते मानत. हात मासे ओढत असले तरी लक्ष दोरीवर असे. खोली आणखी कमी होऊ लागली, म्हणजे तो वर येतोय. मग गळ सोडून द्यायचे आणि जीव खाऊन वल्ही मारायची. कुणी होडी भरभरून मासळी आणली, की किनाऱ्यावरचे लोक म्हणत, ‘आज क्राकेनवर मासेमारी केलेली दिसते!’

ही हकीकत लिहून ठेवली एरिक पोन्टोप्पिदान या धर्मगुरूने. तो बर्गनचा बिशप होता आणि नॉर्वेच्या निसर्गावरचा त्याचा ग्रंथ १७५२-५३ साली दोन भागांत निघाला. क्राकेन जगभर पोचला तो मुख्यतः या ग्रंथामुळे. बिशपसाहेबांनी प्राण्याचा आकार सांगताना हात आखडता घेतला नाही. पाण्यावर दिसणारी नुसती पाठच अडीच किलोमीटर घेराची, लांबून छोट्या बेटांच्या पुंजक्यासारखी, आणि तिच्यातून डोलकाठ्यांएवढी शिंगं वर येणारी. १६८० साली अल्स्टाहाउग परगण्यात एक ‘पोरसवदा’ क्राकेन खडकांत अडकून मेला आणि त्याच्या सडण्याने सगळा परिसर घाण मारत होता, असंही ते नोंदवतात.

या वर्णनात भर कशावर आहे, तेही पाहायला हवं. हा प्राणी मनात आणलं तर मोठं लढाऊ जहाजही तळाशी नेईल असं ‘म्हणतात’, असं एक वाक्य पोन्टोप्पिदानने लिहिलंय खरं. पण त्याच्या मच्छिमारांना भीती वाटते ती क्राकेन परत खाली जाताना उठणाऱ्या भोवऱ्याची. बाकी हा प्राणी त्यांच्या लेखी जवळपास अन्नदाताच. त्याच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या घाणीच्या वासाने मासे गोळा होतात, हेही त्यांनीच बिशपला सांगितलं. आज आपण चित्रपटांत पाहतो तो जहाजाला विळखा घालून डोलकाठ्या मोडणारा राक्षस यात कुठे सापडत नाही. तो आला कुठून?

त्याआधी आणखी पाचशे वर्षं मागे जायला हवं. सन १२५० च्या सुमारास नॉर्वेच्या राजदरबारात ‘राजाचा आरसा’ या अर्थाच्या नावाचा एक बोधग्रंथ तयार झाला. बाप मुलाला जगाचं ज्ञान देतो, अशी त्याची रचना. व्यापाऱ्याने कसं वागावं, दरबारात कसं बोलावं, हे सांगता सांगता बाप आइसलँडच्या समुद्रातल्या देवमाशांकडे वळतो. यादी अगदी व्यवहारी आहे. हा किती हात लांब, तो जहाजांना त्रास देतो की नाही आणि मुख्य म्हणजे त्याचं मांस खाण्याजोगं आहे का. या यादीच्या शेवटी येतो हाफगुफा. त्याच्याबद्दल बोलायला बाप जरा कचरतो, लोकांचा विश्वास बसणार नाही म्हणतो. हा मासा कमी आणि बेट जास्त. असे बहुधा दोनच असावेत आणि त्यांना पिल्लं होत नसावीत. झाली असती तर एवढ्या पोटांना समुद्र पुरला नसता! तेराव्या शतकातल्या माणसाने अन्नसाखळीचा केलेला हा हिशेब मला फार आवडतो.

हाफगुफा जेवतो कसा, तेही दिलंय. तो मोठी ढेकर देतो, पोटातलं थोडं अन्न बाहेर पडतं, त्या वासाने लहानमोठे मासे धावत येतात. तो तोंड उघडं ठेवून नुसता थांबतो. तोंड एखाद्या खाडीएवढं रुंद. मासे आपण होऊन आत शिरतात, तोंड भरलं की जबडा मिटतो.

आठशे वर्षं ही थाप समजली गेली. मग २०११ च्या सुमारास कॅनडाच्या व्हॅंकुव्हर बेटापाशी हंपबॅक जातीचे देवमासे विचित्र वागताना दिसले. एरवी हे देवमासे मासळीच्या थव्यावर झेप घेतात. इथे ते पाण्यात उभे राहून जबडा आडवा उघडत आणि स्वस्थ थांबत. वरून समुद्रपक्ष्यांनी हल्ला केला की घाबरलेले मासे त्या उघड्या तोंडाला आडोसा समजून आत शिरत. थायलंडच्या आखातात ब्रायडीज देवमाशांचंही असंच चित्रण झालं. खालचा जबडा पाण्याच्या पातळीवर, वरचा आभाळाकडे, आणि मधल्या खळग्यात पाण्याबरोबर मासे वाहत येतायत. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ही दृश्यं आणि नॉर्स ग्रंथातलं वर्णन शेजारी शेजारी ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की हाफगुफा हा मुळात राक्षस नव्हताच; कुणीतरी देवमाशाचं जेवण डोळ्यांनी पाहून नीट सांगितलं होतं. ब्रायडीज देवमासा आपल्याही ओळखीचा आहे. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या किनाऱ्याला मोठा मेलेला देवमासा लागला होता, तो याच जातीचा.

अर्थात सगळंच श्रेय नॉर्वेच्या दर्यावर्दींना देता येत नाही. वासाने मासे ओढणारा आणि बेटासारखा दिसणारा देवमासा याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, अलेक्झांड्रियाकडच्या ‘फिजिओलोगस’ या ग्रीक प्राणिकथासंग्रहात आहे. खलाशी बेट समजून उतरतात, चूल पेटवतात, चटका बसताच ‘बेट’ बुडी मारतं. ही गोष्ट सिंदबादच्या पहिल्या सफरीत आहे, आयर्लंडच्या संत ब्रेंडनच्या सफरीत आहे, आणि आइसलँडच्या ओर्वार-ओद या वीराच्या सागाकथेच्या नंतरच्या पाठातही आहे. तिथे त्या बेटमाशाचं नाव लिंगबाकुर. त्याच्या पाठीवर रानझुडपं उगवलेली. ओदची पाच माणसं वर उतरतात आणि बेटाबरोबर खाली जातात. त्याआधीच समुद्रातून वर आलेल्या दोन कड्यांमधून जहाज गेलेलं असतं. ते कडे म्हणजे हाफगुफाचा जबडा होता, हे ओदला मागाहून कळतं. तेव्हा पुस्तकातली गोष्ट आणि पाण्यावर पाहिलेली गोष्ट यांची सरमिसळ तेराव्या शतकातच झालेली होती. मला तरी यात पाहिलेला भाग मोठा वाटतो, कारण तोंड उघडं ठेवून थांबण्याचा तपशील घरात बसून सुचण्यासारखा नाही.

नॉर्स पुराणकथांतल्या योर्मुनगांदर या महासर्पाची गोष्ट अगदी वेगळी. तो कुणी पाहिल्याचा दावाच नाही. तो विश्वरचनेचा भाग. लोकी आणि अंगरबोदा या राक्षसीचं हे अपत्य. ओदिन देवाने उचलून समुद्रात फेकलं, तिथे ते इतकं वाढलं की माणसांच्या जगाला वेढा घालून स्वतःची शेपटी तोंडात धरून बसलं. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने सन १२२० च्या आसपास रचलेल्या एद्दा ग्रंथात थोर देव या सापाला गळाने पकडायला निघतो, तो प्रसंग वाचण्यासारखा आहे. थोर हायमिर नावाच्या राक्षसाच्या होडीत बसतो. आमिषाची सोय तुझी तू कर, असं राक्षस म्हणतो, तर थोर त्याच्याच कळपातल्या सर्वांत मोठ्या बैलाचं मुंडकं उपटून आणतो. नेहमीची मासेमारीची जागा मागे पडते, हायमिर घाबरून ‘आता पुरे’ म्हणतो, थोर वल्हवतच राहतो. साप मुंडकं गिळतो, गळ टाळ्यात रुततो. ओढाओढीत थोरचे पाय होडीचा तळ फोडून समुद्रतळाला टेकतात. साप वर येतो, दोघांची नजरानजर होते, थोर हातोडा उचलतो आणि नेमक्या त्या क्षणी हायमिर सुरी काढून दोरी कापून टाकतो.

हातातोंडाशी आलेला मासा सुटल्याची ही जगातली सर्वांत मोठी गप्प म्हणायला हरकत नाही, आणि ती मासेमारी करणाऱ्या लोकांनीच रचलीय हे तिच्या प्रत्येक तपशिलात दिसतं. स्वीडनमधल्या उप्लांद प्रांतात आल्टुना गावी अकराव्या शतकातला एक कोरीव शिलालेख आहे. त्यावर थोर, होडी, दोरी, बैलाचं मुंडकं आणि होडीच्या तळातून खाली आलेला त्याचा पाय, सगळं स्पष्ट दिसतं. जगाच्या अंताच्या लढाईत थोर या सापाला मारतो, नऊ पावलं चालतो आणि विषाने कोसळतो.

उत्तरेच्या समुद्राला नकाशावर राक्षसांनी भरून टाकलं ते ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूने. धर्मसुधारणेच्या लाटेत स्वीडन कॅथलिक राहिला नाही आणि हा माणूस परागंदा झाला. त्याने १५३९ साली व्हेनिसमध्ये ‘कार्टा मारिना’ नावाचा नकाशा छापला. नऊ लाकडी ठशांवरून छापलेला, जवळपास पावणेदोन मीटर रुंद. त्यावर नॉर्वेच्या किनाऱ्याला जहाजाभोवती वेढे घालणारा लाल साप आहे. एका ठिकाणी खलाशी देवमाशाला भुलवायला पिंपं समुद्रात फेकतायत आणि एकजण कर्णा फुंकतोय. दुसरीकडे बेट समजून देवमाशाच्या पाठीवर चूल मांडलीय. १५५५ च्या ग्रंथात तो सांगतो, की बर्गनजवळच्या गुहांत राहणारा दोनशे फुटी साप उन्हाळ्याच्या रात्री बाहेर पडून वासरं, मेंढरं आणि डुकरं खातो. आज या नकाशाच्या मूळ छपाईच्या दोनच प्रती शिल्लक आहेत, एक म्युनिकला आणि एक उप्सालाला.

हा सगळा भाकडकथांचा बाजार म्हणून सोडून द्यावासा वाटतो. पण त्याच नकाशात आइसलँडच्या आग्नेयेला पाण्यावर वेटोळ्यांची एक रांग काढलेली आहे. शोभेसाठी असावी, असं वाटायचं. समुद्रशास्त्रज्ञांनी ती उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा गरम आणि थंड प्रवाह जिथे भिडतात आणि खरोखर भोवरे उठतात, त्याच पट्ट्यावर ती वेटोळी पडलेली निघाली. ही माहिती त्याला मिळाली असणार उत्तरेकडे ये-जा करणाऱ्या खलाशांकडून. लोफोतेन बेटांजवळचा मोस्कस्ट्राउमेन हा भरती-ओहोटीचा प्रचंड भोवराही त्याने दाखवलाय, आणि तो तर आजही होड्या बुडवण्याइतका खरा आहे.

सागरसर्पाच्या साक्षीदारांत सर्वांत भरवशाचा माणूस म्हणजे ग्रीनलँडला धर्मप्रसारासाठी गेलेला हान्स एगेडे. १७३४ च्या जुलैत त्याने जहाजाच्या डोलकाठीएवढं डोकं वर काढणारा, लांब टोकदार तोंडाचा, रुंद परांचा, फवारा सोडणारा प्राणी पाहिला. तो मागे कलंडला तेव्हा जहाजभर अंतरावर सापासारखी शेपूट वर आली. एगेडे थापा मारणारा माणूस नव्हता. २००५ साली काही प्राणिशास्त्रज्ञांनी सुचवलं, की तो विणीच्या हंगामातला नर देवमासा असावा आणि ती ‘शेपूट’ म्हणजे त्याचं जननेंद्रिय. पाद्रीबुवांना ते ओळखता आलं नाही, यात नवल नाही. बाकी सापांपैकी काहींचा उलगडा ओअरफिश या रिबिनीसारख्या चपट्या, आठ मीटरपर्यंत वाढणाऱ्या, डोक्यावर लाल तुरा असणाऱ्या माशाने होतो. १७७२ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, तेही बर्गनजवळ मिळालेल्या माशावरून. १८१७ साली अमेरिकेत ग्लॉस्टर बंदरात सागरसर्प दिसल्याची आवई उठली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी किनाऱ्यालगत सापडलेल्या तीन फुटी सापाला त्याचं पिल्लू ठरवून लॅटिन नावही देऊन टाकलं. पाठीला गाठी आलेला तो साधा काळा साप निघाला.

आता जहाज कवेत घेणाऱ्या क्राकेनकडे. त्याचा जनक पॅरिसचा पिएर देनी द मोंफोर. मृदुकाय प्राण्यांचा हा खरा अभ्यासक. त्याने नावं दिलेले कितीतरी शंखशिंपल्यांचे गट आजही मान्य आहेत. डंकर्कला स्थायिक झालेल्या अमेरिकन देवमासे-शिकाऱ्यांकडून त्याने ऐकलं, की स्पर्म देवमाशाच्या तोंडात कधीकधी माणसापेक्षा लांब, चोषकांनी भरलेले हात सापडतात. हा अस्सल पुरावा होता. त्यावर थांबला असता तर आज त्याचं नाव आदराने घेतलं गेलं असतं. पण सेंट-मालोच्या एका प्रार्थनास्थळात खलाशांनी नवसफेडीसाठी लावलेलं चित्र होतं, अंगोलाच्या किनाऱ्याजवळ जहाजाला विळखा घालणाऱ्या अष्टपादाचं. मोंफोरने त्यावरून १८०२ च्या सुमारास आपल्या ग्रंथात ते जगप्रसिद्ध चित्र छापलं. वर दावा केला, की १७८२ साली एका रात्रीत नाहीशी झालेली ब्रिटिशांची दहा लढाऊ जहाजं अशाच प्राण्यांनी बुडवली. त्या जहाजांना वादळाने गाठलं होतं, हे ब्रिटिशांना माहीत होतं. मोंफोरची अब्रू गेली आणि पुढे तो पॅरिसमध्येच हलाखीत मेला. चित्र मात्र राहिलं, आणि क्राकेन म्हणताच आपल्याला दिसतं ते हेच.

मोंफोरच्या फजितीने शास्त्रज्ञ असे पोळले, की पुढची पन्नास वर्षं महाकाय स्क्विडचं नाव काढायला कुणी धजेना. स्क्विड म्हणजे आपल्या कोकणातलं म्हाकूल. त्याचाच हा अवाढव्य भाऊबंद. १८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्याला एक लागला. लोकांनी अंग कापून गळाला आमिष म्हणून वापरलं, पण पोपटासारखी चोच यापेटस स्टीनस्ट्रुप या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आली. तेवढ्यावर त्याने १८५७ साली आर्किट्यूथिस हे नाव दिलं. १८६१ च्या नोव्हेंबरात तेनेरिफजवळ आलेक्तों या फ्रेंच जहाजाने असा प्राणी गाठला, तासन्‌तास गोळ्या झाडल्या, फास टाकला. फास घसरून अंगात रुतला, मांस कापलं गेलं आणि हाती आला फक्त शेपटीचा तुकडा. पॅरिसच्या पंडितांनी यावरही नाकं मुरडली. कादंबरीकार ज्यूल व्हर्नने मात्र प्रसंग उचलला.

खरा निकाल लागला न्यूफाउंडलंडमध्ये. १८७३ च्या ऑक्टोबरात तिथल्या मच्छिमारांनी पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याला आकडा टोचला, तर त्याने होडीवर हात टाकले. होडीतल्या पोराने कुऱ्हाडीने ते तोडले, प्राणी शाई सोडत पळाला. १९ फुटांचा तो तुकडा मोझेस हार्वे या हौशी निसर्गप्रेमी पाद्र्याने विकत घेतला. काही आठवड्यांनी हेरिंगच्या जाळ्यात आख्खा स्क्विड आला, तोही हार्वेनेच मिळवला. तो मांडायचा कुठे? घरात आंघोळीच्या टबावर पडद्यासाठी दांडी होती. तिच्यावर टाकलेल्या हातांची बुळबुळीत झालर लोंबतेय, असा त्याचा फोटो काढला गेला. त्या फोटोसमोर शंकेखोरांचं काही चाललं नाही.

आर्किट्यूथिसची मोठी मादी बारा-तेरा मीटर भरते. त्यातली निम्म्याहून जास्त लांबी दोन लांब शुंडकांची. डोळ्याचा व्यास २५ सेंटिमीटरच्या पुढे, तीन हृदयं, निळं रक्त. अन्ननलिका मेंदूच्या मधल्या भोकातून जाते, त्यामुळे घास बारीक करूनच गिळावा लागतो. स्नायूंत अमोनियम क्लोराइड भरलेलं असल्याने अंग पाण्यापेक्षा हलकं, म्हणून मेल्यावर वर तरंगतं. मांसही त्यापायी कडूजहर. हा जहाजांशी झुंजत नाही. तोच स्पर्म देवमाशाचं भक्ष्य आहे. त्या देवमाशांच्या कातडीवर चोषकांच्या गोल खुणा असतात आणि पोटात चोची.

म्हणून ‘क्राकेन म्हणजेच महाकाय स्क्विड’ हे सरसकट विधान मला पटत नाही. शिंगांचं वर्णन स्क्विडच्या हातांशी जुळेल. अडीच किलोमीटरची पाठ, उथळ झालेला तळ आणि मासळीची रेलचेल स्क्विडशी जुळत नाही. त्यामागे समुद्रतळातले उंचवटे असतील, देवमाशांचे कळप असतील, माशांचे थवे असतील. एका नावाखाली अनेक अनुभव गोळा झाले आणि त्यांना एकाच प्राण्यात कोंबलं ते लिहिणाऱ्यांनी.

मच्छिमारांची खरी भीती पाहायची तर ती राक्षसांत फारशी नाही, बुडून मरण्यात आहे. नॉर्स कथांत बुडालेल्यांना रान ही समुद्रदेवी जाळ्याने ओढून नेते. तिच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून फ्रिथ्योफ नावाचा वीर वादळात सोन्याचं कडं मोडून तुकडे साथीदारांना वाटतो. उत्तर नॉर्वेत ड्राउगची गोष्ट सांगतात. तो बुडालेल्या खलाशाचं भूत. डोक्याच्या जागी शेवाळाचा पुंजका, अर्धीच होडी वल्हवतो आणि तो दिसला की कुणाचं तरी मरण जवळ आलं समजायचं. क्राकेनच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी ड्राउगला मिळाली नाही. त्या किनाऱ्यावरच्या घरांतून त्याचा धाक मात्र जास्त होता.

खोल पाण्यातल्या जिवंत महाकाय स्क्विडचे पहिले फोटो जपानच्या त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी ओगासावारा बेटांजवळ २००४ साली घेतले, सुमारे नऊशे मीटर खोलीवर. त्याच्या घरच्या पाण्यातलं चलच्चित्रण २०१२ साली झालं. अंटार्क्टिकाजवळच्या कोलोसल स्क्विडचं वजन तर याहूनही भारी. २००७ साली न्यूझीलंडच्या बोटीने पकडलेला नमुना ४९५ किलोंचा होता. ती जात खोल पाण्यात जिवंत टिपली गेली ती थेट २०२५ च्या मार्चमध्ये, साउथ सँडविच बेटांजवळ सहाशे मीटरवर. ते पिल्लू होतं, जेमतेम तीस सेंटिमीटरचं.